बदकाच्या चालीची चिकित्सा

बाईंनी मागितलं होतं ते एवढंच, की शेवटच्या दिवशी त्यांचं बदक पडद्यावर चालावं.

बाई म्हणजे सरांची बायको. त्या बालवाडीत शिकवायच्या म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना बाई म्हणायची, आणि सर कला महाविद्यालयात डिजिटल अ‍ॅनिमेशन शिकवायचे म्हणून ते सर. एका घरात दोन शिक्षक असले की विद्यार्थी कोण हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. सरांच्या मते त्याचं उत्तर उघड होतं, त्यामुळे त्यांनी तो कधी विचारला नव्हता.

यंदा बाई निवृत्त होणार होत्या. बालवाडीत त्यांच्याकडे एक कापडी बदक होतं. आत हात घालून नाचवायचं, चोच अंगठ्यानं उघडायची, डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणं. कधीकाळी ते पिवळं होतं असं बाई सांगायच्या आणि त्यावर विश्वास ठेवावा लागायचा. हे बदक घरी निघतं, वाटेत रस्ता चुकतं आणि शेवटी घरी पोचतं, अशी एक गोष्ट बाई रोज मुलांना सांगायच्या. सरांना ती पाठ होती. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"अहो," एका सकाळी चहा घेताना बाई म्हणाल्या, "तुमच्या त्या कॉम्प्युटरवर माझं बदक चालवून द्याल का? दोनच मिनिटं. शेवटच्या दिवशी मुलांना दाखवीन म्हणते. सगळ्या शाळांत दाखवतात हल्ली असं काही काही."

दुसरा एखादा नवरा 'देतो' म्हणाला असता, किंवा 'बघू' म्हणून पेपरात तोंड खुपसून बसला असता. सरांनी कप खाली ठेवला.

"चालवून म्हणजे? कोण चालवणार?"

"तुम्ही."

"हाच तर खरा प्रश्न आहे," सर म्हणाले, आणि बाईंनी निमूटपणे त्यांचा कप उचलून ठेवला, कारण आता चहा गार होणार हे त्यांना ठाऊक होतं.

सरांचं संशोधन नेमकं याच प्रश्नावर होतं. पडद्यावर एखादं चित्र हलतं तेव्हा त्या हालचालीवर मालकी कोणाची? काढणाऱ्याची, बघणाऱ्याची, की ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे तिची? या विषयावर ते कित्येक वर्षं प्रबंध लिहीत होते आणि प्रबंधही त्यांना न जुमानता वाढत होता. त्यांची दोन व्रतं होती. एक म्हणजे साधन मुक्त हवं: कोणालाही उघडून बघता यावं, दुरुस्त करता यावं, शेजाऱ्याला देता यावं. दुसरं म्हणजे, का काढतोय हे विचारल्याशिवाय एक रेघही काढायची नाही. दोन्ही व्रतं चांगलीच होती. पण दुसऱ्यामुळे सरांच्या वर्गातून चित्रपट कमी आणि प्रस्तावना जास्त बाहेर पडायच्या. बाजूच्या वर्गातली मुलं वर्षाअखेरी नाचणारी माकडं, उडणाऱ्या मोटारी घेऊन नोकरीला लागत. सरांची मुलं वर्षाअखेरी अस्वस्थ होत, आणि सर त्यालाच यश म्हणत.

त्या रविवारी बाईंचा भाऊ आला. त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि स्वभाव मदतीचा होता, म्हणून सर त्याला जपून असत.

"एवढंच ना?" बदकाचं ऐकून तो म्हणाला. "ताई, मी देतो करून. माझ्याकडे बाहेरचं ते मोठं सॉफ्टवेअर आहे. बटण दाबलं की बदक चालतं, पाहिजे तर पळतंसुद्धा."

"त्याचे पैसे भरलेस?" सरांनी विचारलं.

"छे! एका मित्राकडून उतरवून घेतलं. फुकट."

"माझं मुक्त आहे."

"म्हणजे फुकटच की."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मुक्त आणि फुकट यांतला फरक त्यांनी मेहुण्याला समजावून सांगितला. मध्ये एकदा स्वयंपाकघरातून बाई येऊन ताटं मांडून गेल्या, जेवणं झाली, ताटं उचलली, फरक चालूच होता. शेवटी मेहुणा म्हणाला, "आलं लक्षात. तुमचं फुकट असून मुक्त, माझं फुकट असून चोरीचं."

"बरोबर!"

"पण भावोजी, बदक आधी माझंच चालेल."

बाई हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की बदक त्यांच्याच वर्गात, मुक्त सॉफ्टवेअरवर, संपूर्ण चिकित्सेनिशी चालवलं जाईल आणि तो वर्गाचा वार्षिक प्रकल्प असेल. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद उमटला होता. पुढे कितीतरी दिवस सरांना तो चेहरा आठवायचा आणि त्रास द्यायचा.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गाडी पहिल्यांदा अडली. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायची होती आणि त्याला भांडारवाल्या साहेबांची परवानगी लागायची. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किंमत शून्य लिहिलीय."

"शून्यच आहे."

"शून्य रुपयांची वस्तू खरेदी कशी करणार? तीन दुकानांची दरपत्रकं आणा."

"तिन्ही शून्यच येतील."

"मग सगळ्यात कमी दराचं कोणाचं धरायचं?" साहेबांनी खऱ्या काळजीनं विचारलं. "आणि उद्या चोरीला गेलं तर नुकसान किती दाखवायचं?"

"ते चोरीला जाऊच शकत नाही. कोणीही घेऊन जावं अशीच त्यात सोय आहे."

हे बोलायला नको होतं. साहेबांनी अर्ज हळूच बाजूला सरकवला. कोणीही घेऊन जावी अशी सोय असलेली वस्तू आपल्या भांडारात आणायची या कल्पनेनंच त्यांना घाम फुटला होता. बऱ्याच फेऱ्यांनंतर त्यांनीच वाट काढली: वस्तू देणगी म्हणून स्वीकारता येईल, फक्त देणगीदाराची सही हवी. सरांनी सांगितलं की हे सॉफ्टवेअर जगभरातल्या हजारो लोकांनी मिळून लिहिलंय. साहेब म्हणाले, "हरकत नाही. सगळ्यांच्या आणा."

आता यावर कोणी काय बोलणार? पण सरांना एकदम आठवलं, की त्याच सॉफ्टवेअरच्या बटणांवरच्या मराठी शब्दांतली एक चूक त्यांनी कधीतरी दुरुस्त करून पाठवली होती आणि ती स्वीकारलीही गेली होती. म्हणजे त्या हजारोंत तेही एक होते! सरांनी देणगीदार म्हणून सही केली. त्याचा परिणाम असा झाला, की प्राचार्यांनी त्यांचा सत्कार ठेवला. कॉलेजला एवढं मोठं सॉफ्टवेअर देणारे दानशूर प्राध्यापक म्हणून सरांना पुष्पगुच्छ मिळाला, फोटो व्हरांड्यात लागला आणि सत्काराच्या तयारीत प्रयोगशाळा काही दिवस बंद राहिली. ज्या माणसानं आयुष्यभर मालकीविरुद्ध भाषणं केली त्याच्या गळ्यात हजारोंच्या कामाचं श्रेय पडलं. सर घरी येऊन बराच वेळ खिडकीशी उभे होते. "फोटो चांगला आलाय," बाई म्हणाल्या, "पण बदकाचं कुठपर्यंत आलं?"

तोपर्यंत बिल्डिंगमध्ये बातमी झाली होती. वरच्या मजल्यावरचे काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक विषयात अनुभव होता. "बदकाला टाय घाला," त्यांनी सुचवलं. "मुलांना लहानपणापासून शिस्त दिसली पाहिजे." आणि रोज जिन्यात भेटले की ते मोठ्यानं विचारायचे, "काय, चालायला लागलं का?" सर मान खाली घालून म्हणायचे, "अजून नाही. प्रयत्न चालू आहेत." ऐकणाऱ्यांचा भलताच समज झाला. तळमजल्यावरच्या वहिनी एका संध्याकाळी काठी घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांची होती, आता पडूनच होती, तुमच्याकडे उपयोगी पडेल म्हणाल्या. बाईंनी ती ठेवून घेतली. नको म्हटलं तर सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं असतं.

वर्गात मात्र काम जोरात सुरू झालं, म्हणजे चर्चा जोरात सुरू झाली. सरांची एक विद्यार्थिनी होती. ती प्रत्येक वाक्य 'पण सर'नं सुरू करायची, म्हणून तिचं नावच पणसर पडलं होतं. फार हुशार मुलगी. सरांना ती स्वतःची मुलगी असल्यासारखी वाटायची आणि तिची तितकीच भीतीही वाटायची.

"पण सर, बदकाला घरी जायचंय हे आपण कोण ठरवणार?"

"चांगला मुद्दा," सर म्हणाले.

"पण सर, ते डावीकडून उजवीकडे चाललं तर आपण वाचनाच्या सवयीची गुलामगिरी करतोय. उजवीकडून डावीकडे चाललं तर मुद्दाम बंड केल्यासारखं वाटेल."

"मग समोरून येऊ दे," मागून कोणीतरी म्हणालं.

"पण सर, समोरून आलं तर ते बघणाऱ्याच्या अंगावर येतंय."

दिशा ठरायला कित्येक तास गेले. त्या सगळ्या काळात पडद्यावर एक पांढरं मैदान होतं आणि त्यात काही नव्हतं. खरं सांगायचं तर सर त्या दिवसांत सुखी होते. इतकी जिवंत चर्चा त्यांच्या वर्गात कधी झाली नव्हती. शेवटी मतदान झालं आणि रस्ता चुकल्यावरचं उजवीकडचं वळण पक्कं झालं. सरांनी त्या रात्री प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण लिहिलं. घरी बाई दर दोन-चार दिवसांनी विचारायच्या आणि सर म्हणायचे, "पाया घालतोय." बाई म्हणायच्या, "बदकाला पाया?"

मग मुलांना नमुना हवा झाला. बाईंनी कापडी बदक एका पिशवीत घालून दिलं. देताना म्हणाल्या, "जपून वापरायला सांगा हं. आणि आठवड्यात परत द्या, माझी रोजची गोष्ट अडते."

इथे जे घडलं त्याचा दोष कोणाला द्यावा हे सरांना आजही ठरवता येत नाही, आणि ठरवता येत नाही याचा अर्थ काय तेही त्यांना कळतं. त्याच आठवड्यात सरांचं चिकित्सेवरचं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान होतं. ते दर वर्षी व्हायचं आणि दर वर्षी सरांचा आवाज त्यात भरून यायचा. "कुठलीही गोष्ट अखंड दिसली की सावध व्हा," ते सांगायचे. "तिच्या शिवणी शोधा. ती कोणी जोडली, कशासाठी जोडली, हे शिवणींत दडलेलं असतं. उलगडा! उलगडल्याशिवाय काहीही मान्य करू नका!" एरवी या व्याख्यानानंतर मुलं कँटीनमध्ये जायची. या वर्षी टेबलावर बदक होतं.

सरांच्या सबंध कारकिर्दीत त्यांची सूचना त्याच दिवशी अमलात येण्याची ही पहिलीच वेळ.

आठवड्यानं बदक परत आलं ते पारदर्शक पिशव्यांमध्ये. पाठ वेगळी, पोट वेगळं, चोचीचे दोन तुकडे, पंख, बटणं. प्रत्येक पिशवीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती. पणसर स्वतः घेऊन घरी आली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. "बाई, आम्हाला प्रत्येक टाका कळला. किती वेळा दुरुस्त केलंय तुम्ही! चार वेगवेगळे दोरे आहेत."

बाईंनी पिशव्या टेबलावर ओळीनं मांडल्या. कापड इतकं विरलं होतं की कडा हात लावताच सुटत होत्या. इतकी वर्षं ते टाक्यांच्याच आधारावर उभं होतं. बाईंनी पाठीचा तुकडा हातावर ठेवला, उलटा केला, परत सुलटा केला.

"यात हात कुठून घालायचा आता?" त्या म्हणाल्या. रागावून नाही, अगदी खरोखर विचारल्यासारखं.

पणसरचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा तिला 'पण' सुचला नाही. सरांनी सावरून घ्यायचं म्हणून घाईघाईनं सांगितलं, "अगं, नवीन येतंय ना आता! पडद्यावर. हे काय, कधी ना कधी फाटलंच असतं." बाई "हो" म्हणाल्या आणि पिशव्या गोळा करून आत घेऊन गेल्या. हे वाक्य आपण परत घेऊ शकलो असतो तर, असं सरांना नंतर अनेकदा वाटलं. त्या वेळी मात्र त्यांना वाटलं, की प्रसंग बरा निभावला.

एक गोष्ट कबूल करायला हवी: त्यानंतर मुलांनी जिवाचं रान केलं. पणसर तर घरीच जाईना. त्यांना बदकाचा टाकान् टाका माहीत होता, आणि तो सगळा त्यांनी पडद्यावर उतरवला. विरलेलं पोट, वाकडी चोच, एक बटण जरा खाली. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ते चाललं. डुलत, थोडं लंगडत, उजवीकडच्या वळणावरून घरी गेलं. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. सरांनी फाइल पेनड्राइव्हवर घेतली, अर्थातच मुक्त फॉरमॅटमध्ये, आणि जिन्यात काकांना आपणहून सांगितलं, "चाललं!" काकांनी त्यांचा हात हातात घेऊन घट्ट दाबला.

बालवाडीच्या वर्गात भिंतीवर टीव्ही होता. खाली छोट्या छोट्या खुर्च्यांवर मुलं बसली होती, मागे आया आणि बाबा उभे होते. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. मेहुणा फोटो काढायला आला होता. सरांनी पेनड्राइव्ह लावला. टीव्हीनं थोडा विचार केला आणि सांगितलं की ही फाइल चालत नाही.

त्यांनी काढून परत लावला. टीव्हीचं मत बदललं नाही.

"भावोजी, फॉरमॅटचा घोळ आहे," मेहुणा कानाशी येऊन म्हणाला. "इकडे द्या. माझ्या फोनमध्ये अ‍ॅप आहे, दोन मिनिटांत बदलून देतो."

"कुठलं अ‍ॅप?"

"असंच एक. चालतं."

इथे सरांनी पेनड्राइव्ह देऊन टाकायला हवा होता. त्यांनाही ते कळत होतं. पण मेहुण्याचं ते "आधी माझंच चालेल" त्यांच्या मनात इतके दिवस रुतून बसलं होतं. वर्षभर एवढं सगळं करून शेवटची दोन मिनिटं याच्या चोरीच्या अ‍ॅपवर? "थांब," सर म्हणाले, "याला सरळ मार्ग आहे," आणि पणसरला फोन लावत बाहेर व्हरांड्यात गेले.

"पण सर," पणसर म्हणाली, "बंद फॉरमॅटमध्ये द्यायचं नाही हे तुम्हीच..."

"अगं, मला माहीत आहे मी काय म्हणालो ते! मार्ग सांग."

मार्ग होता, पण त्याला लॅपटॉप हवा होता आणि लॅपटॉप घरी होता. मग शाळेच्या कार्यालयातला संगणक. त्याचा पासवर्ड लिपिकाला माहीत होता आणि लिपिक बाईंच्या निरोपाचा केक आणायला गेला होता. बंद दाराआडून वर्गातला आवाज येत होता. एकदा "बदक कुठंय?" असं कोणीतरी बारीक आवाजात विचारलेलं ऐकू आलं. बाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. सर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी फोन बंद केला, दार ढकललं आणि मेहुण्यापुढे पेनड्राइव्ह धरला. "घे बाबा. कसंही कर."

मेहुण्यानं तो घेतला नाही. आत फक्त तो आणि बाई होत्या. बाई छोट्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी ठेवत होत्या. मुलं मागच्या दारानं घरी गेली होती.

"बदक झोपलंय म्हणून सांगितलं त्यांना," बाई म्हणाल्या. "लहान आहेत. चालतं त्यांना."

सरांनी उरलेल्या खुर्च्या उचलायला घेतल्या. इतक्या वर्षांत ते या वर्गात पहिल्यांदाच आले होते, आणि ही खोली एवढीशी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दाखवावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. बाईच चष्मा घेऊन येऊन बसल्या. बदक डुलत डुलत आलं. बाई पुढे वाकल्या. "अगं बाई, बटणसुद्धा तसंच खाली," त्या म्हणाल्या, आणि पडद्यावरच्या त्या डोळ्यावर बोट ठेवलं. सरांना जरा बरं वाटलं.

बदक वळणापाशी आलं.

"अहो, इथं थांबवा."

सरांनी थांबवलं. "का? काही चुकलं?"

"नाही हो, छान चालतंय. पण इथं ते रस्ता चुकतं ना, तेव्हा मी थांबते. बदक मुलांकडे बघतं, आणि मग मुलं ओरडून सांगतात, इकडे, इकडे! ती सांगतील तिकडे जातं ते. दर वेळी निराळ्याच दिशेला. एकदा तर सगळ्यांनी मिळून त्याला खिडकीबाहेर पाठवलं होतं. मग घरी आणता आणता नाकी नऊ आले." बाई हसत होत्या. "तुम्ही कधी आला असतात तर मजा वाटली असती तुम्हाला. तुमच्याच विषयातलं आहे."

हालचाल कोणाची, हा प्रश्न घेऊन सरांनी आयुष्य घालवलं होतं, आणि त्याचं उत्तर रोज सकाळी डबा घेऊन घरातून बाहेर पडत होतं. पण प्रबंधाचं त्यांना आत्ता काहीच वाटलं नाही. त्यांना वाईट वाटलं ते याचं, की ती खिडकीबाहेर गेलेली गोष्ट आता परत कधी होणार नव्हती, आणि ती त्यांनी पाहिली नव्हती.

पडद्यावर बदक एक पाय उचलून थांबलं होतं. बाई त्याच्याकडे बघत होत्या.

"इकडे," सर हळूच म्हणाले, आणि हात डावीकडे केला.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सर आता जरा मोठ्यानं म्हणाले, "इकडे, इकडे!"

मग काय करायचं ते दोघांनाही कळेना. थोड्या वेळानं बाईंनीच हात पुढे करून बटण दाबलं, आणि बदक वर्गात मतदानानं ठरलेल्या उजवीकडच्या वळणानं चालू लागलं.